ग्लासगो-एडिनबऱ्याच्या मराठी मंडळींना खुलं पत्र : गेअर लॉखच्या काठचे ते दगड राहू द्या

स्कॉटलंडमधली मराठी मंडळं, त्यांच्या सहल समित्या आणि सुट्टीत पाहुण्यांना समुद्र दाखवायला आमच्या बाजूला येणारी सगळी घरं यांना,

सप्रेम नमस्कार.

ऊन पडायला लागलं की ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून सुटणाऱ्या हेलन्सबर्गच्या गाडीत हमखास मराठी कानावर पडतं. पाऊण तासाचा प्रवास, उतरल्याबरोबर समोर पाणी, काठावर चिप्स आणि मग टेकडी चढून वास्तुविशारद चार्ल्स रेनी मॅकिन्टॉशचं हिल हाउस. ज्यांच्याकडे गाडी असते ते रू गावावरून गेअर लॉख या खाडीच्या काठाने गेअरलॉखहेडपर्यंत जातात आणि वळसा घालून पलीकडच्या रोझनीथला पोचतात. मी याच भागात राहते. तुम्ही येता याचा मला आनंदच आहे. वाऱ्यावर उडालेली कुणाची तरी टोपी आणि मागून आलेली 'अगं धर की!' ही हाक ऐकली की तो दिवस बरा जातो.

पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. ती चार जणांत बोलून विरून जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

ओहोटीच्या वेळी काठावर उतरलं की दगड दिसतात आणि दगड दिसले की ते एकावर एक रचून मनोरे करावेसे वाटतात. हे फक्त आपलेच लोक करतात असं मुळीच नाही, सगळ्या जगाला ती हौस आहे. पण गेल्या उन्हाळ्यात मी पाहिला तो गट आपला होता. मुलं उत्साहात होती, मोठ्यांचे फोन निघाले होते आणि मनोऱ्यासाठी दगड आणले जात होते ते किनाऱ्यापासून पाण्याकडे वाकत गेलेल्या एका बुटक्या, शेवाळलेल्या रांगेतून. सुटे दगड आजूबाजूला पुष्कळ होते. पण रांगेतले आकाराने चांगले, हाताशी आलेले आणि आधीच एकत्र जमवलेले. उचलणाऱ्याला ते सोयीचे वाटणारच, कारण कुणीतरी खरोखरच ते निवडून, वाहून आणून तिथे लावले होते.

ती रांग म्हणजे मासे धरायची भिंत. स्कॉट्स भाषेत तिला येअर म्हणतात, गेलिकमध्ये कारी. गेअर लॉखला रोझनीथच्या बाजूला तिचे अवशेष आहेत, क्लाइड नदीच्या मुखाशी कार्ड्रॉसच्या बाजूला आहेत. उत्तरेकडे ॲपलक्रॉसच्या उपसागरात, लॉख ब्रूमच्या परिसरात, हेब्रिडीज बेटांच्या खाड्यांतही अशा भिंती सापडतात. लॉख म्हटलं की आपल्याला नेसचा तलाव आठवतो, पण पश्चिम किनाऱ्यावरचे बरेच लॉख गोड्या पाण्याचे नाहीत. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत समुद्र घुसून ते तयार झाले. कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ही खाडीच, फक्त थंड आणि डोंगरांनी जास्त आवळलेली.

भिंतीचं काम कसं चाले ते सांगते, कारण एकदा ते कळलं की दगडाकडे बघायची नजरच बदलते.

भिंत उंच नसे, कमरेच्या वर क्वचितच. भरतीला ती पूर्ण बुडालीच पाहिजे, नाहीतर मासा आत येणार कसा? पाणी चढू लागलं की मासा खाण्याच्या मागे काठाकाठाने वर येतो. रावसासारखा दिसणारा पण वेगळ्याच कुळातला साल्मन, सी ट्राउट, थव्याने येणारे हेरिंग, तळाला चिकटून राहणारे चपटे फ्लाउंडर, सेथ नावाच्या माशाची पिल्लं, सगळे येतात. ओहोटी लागली की तेच मासे खोल पाण्याकडे वळतात आणि वाटेत त्यांना भिंत आडवी येते. मासा भिंतीवरून उडी मारायच्या फंदात पडत नाही. तो तिच्या कडेकडेने वाट शोधत जातो. भिंत वाकवलेली असते ती यासाठीच. कडेने जात जात मासा तिच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात पोचतो आणि तिथे ठेवलेल्या फटीत वेताची टोपली नाहीतर जाळं लावलेलं असतं. फट नसेल तिथे कोपऱ्यात डबकं उरतं आणि त्यातून मासे हातजाळ्याने काढायचे. दगड कोरडे रचलेले, मध्ये चुना नाही, माती नाही. त्यामुळे पाणी दगडांच्या सांध्यांतून झिरपून जातं आणि मासा मागे राहतो. काही ठिकाणी भिंतीच्या माथ्यावर हेझलच्या झुडपाच्या फांद्यांचा विणलेला कूड उभा करत, म्हणजे दगड कमी लागत आणि उंची मिळे.

उधाणाला क्लाइडच्या मुखाशी भरती-ओहोटीच्या पातळीत साधारण तीन मीटरचा फरक पडतो, वर उत्तरेकडच्या उल्लापूलला साडेचारच्या आसपास. भिंत किनाऱ्यावर किती खाली घ्यायची हा खरा कसबाचा भाग. फार वर बांधली तर भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत पाणी तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. फार खाली बांधली तर उधाणाचे थोडे दिवस सोडले तर ती उघडी पडतच नाही, मग आतले मासे काढणार कधी? ज्या माणसांनी ती जागा ठरवली त्यांच्याकडे छापील वेळापत्रक नव्हतं, चंद्र होता. आपल्याकडच्या कोळ्यांचा हिशेब तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तो मुंबईच्या किनाऱ्याचा हिशेब, पण गंमत अशी की क्लाइडच्या मुखाशीही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री भरते, ओहोटी सकाळ-संध्याकाळची. माझ्या माहेरचं पंचांग इथे ढोबळमानाने का होईना, उपयोगी पडतं.

अशा भिंतीला होडी लागत नाही. हे मला तिच्यातलं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य वाटतं. एकदा गावाने मिळून दगड वाहिले की पुढे म्हातारी माणसं, बायका, पोरंसुद्धा टोपली घेऊन जाऊ शकतात. जाळं विणायला सूत नको, वल्ही मारायला चार दणकट गडी नकोत. फक्त प्रत्येक हिवाळ्यात लाटांनी पाडलेले दगड वसंतात परत जागेवर लावायचे. तेवढी डागडुजी एका पिढीने सोडली की भिंत संपली.

गोव्याच्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, ज्यांचं आजोळ आहे त्यांना हे वाचताना मानस आठवली असेल. खाडीच्या बांधातला तो लाकडी दरवाजा भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतो आणि ओहोटीला आपोआप उघडतो. रात्रीच्या ओहोटीला त्याच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरतात आणि तो धरायचा हक्क लिलावात जातो. खाजणात मुख्य हेतू भातशेती वाचवायचा आणि मासे हा वरचा नफा, इथे फक्त मासेच. पण पाणी येतं-जातं त्याच्यावरच काम सोपवायचं, आपण फक्त वेळेवर हजर राहायचं, ही युक्ती दोन्हीकडे तीच. आणि बांध दरवर्षी कुणी बांधायचा यावरून होणारी भांडणंही तीच असणार, याबद्दल मला शंका नाही.

भांडणांचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं सांगते, कारण या भिंतींचा इतिहास बराचसा त्यांच्याविरुद्धच्या कायद्यांतूनच कळतो. इंग्लंडच्या १२१५ च्या मॅग्ना कार्टातलं एक कलम चक्क मासे धरायच्या बांधांबद्दल आहे. थेम्स, मेडवे आणि साऱ्या इंग्लंडमधल्या नद्यांतले बांध काढून टाका, समुद्रकिनाऱ्यावरचे तेवढे राहू द्या, असं ते म्हणतं. स्कॉटलंड वेगळं राज्य होतं, तिथे ते लागू नव्हतं. पण तिथेही १४२४ मध्ये पहिल्या जेम्सच्या पार्लमेंटने भरती-ओहोटी पोचते अशा गोड्या पाण्यातले बांध आणि येअर पाडायचा हुकूम काढला. कारण दिलं ते आजच्या मत्स्य खात्याने द्यावं तसं, माशांची पिल्लं मरतात. त्याच प्रकारचे हुकूम पुढेही पुन्हा पुन्हा निघाले. पुन्हा पुन्हा निघाले याचा अर्थ लोकांनी ऐकलं नाही, एवढं आपल्याला आपल्या अनुभवावरून कळतं.

दुसरी गोष्ट मालकीची. स्कॉटलंडमध्ये साल्मन धरायचा हक्क मुळात राजाचा. त्याने सनद देऊन तो सरदारांना, मठांना वाटला. आमच्या भागात लेनॉक्सच्या अर्लांनी तेराव्या शतकात पेझलीच्या मठाला लेवन नदीवरच्या मासेमारीचे हक्क दिल्याच्या नोंदी आहेत. समुद्रातले इतर मासे मात्र सगळ्यांचे. आता भिंतीची अडचण लक्षात घ्या. ती मासा ओळखत नाही. ओहोटीला कोपऱ्यात हेरिंग सापडलं तर ते गरिबाचं जेवण आणि त्याच टोपलीत साल्मन आला तर ती जमीनदाराची चोरी. एकोणिसाव्या शतकात, १८६२ आणि १८६८ च्या साल्मन कायद्यांनी नद्यांवरचे पहारे आणखी कडक केले. तोवर हेरिंगचा धंदा होड्या आणि जाळ्यांकडे गेला होता, पश्चिम किनाऱ्यावरच्या कितीतरी कुळांना जमिनीवरून हुसकावलं गेलं होतं आणि वसंतात दगड परत लावायला ज्यांचे हात लागत ते ग्लासगोच्या कारखान्यांत नाहीतर कॅनडात पोचले होते. भिंती कुणी मुद्दाम पाडल्याच असं नाही. बहुतेक ठिकाणी त्या नुसत्या सोडून दिल्या गेल्या.

गेअर लॉखच्या काठाचं तर विचारूच नका. १८१२ मध्ये हेलन्सबर्गच्या हेन्री बेलने 'कॉमेट' ही आगबोट क्लाइडवर सुरू केली. आगबोटी आल्या आणि ग्लासगोच्या व्यापाऱ्यांचे बंगले या काठावर रांगेने उभे राहिले. बंगल्यांना समुद्राच्या बाजूने भिंती लागल्या, धक्के लागले, पुढे रस्ता रुंद झाला. दुसऱ्या महायुद्धात फॅसलेनला लष्करी बंदर झालं, रोझनीथला अमेरिकन नौदलाचा तळ आला. युद्धानंतर फॅसलेनला जहाजं तोडायचं काम चाले आणि १९६० च्या दशकाच्या शेवटापासून तिथे अण्वस्त्रधारी पाणबुड्या आहेत. इतकं सगळं सोसून ज्या काही दगडांच्या ओळी उरल्या आहेत त्या आपण सेल्फीसाठी मोकळ्या कराव्यात, हे मला पटत नाही.

'आमच्या चार दगडांनी असं काय होतं?' हा प्रश्न येणार. त्याचं उत्तर थोडं सविस्तर देते.

दगडाचं वय सांगता येतं, पण तो तिथे कधी ठेवला ते दगड सांगत नाही. भिंत दरवर्षी दुरुस्त होत असल्याने वरचे थर शंभर-दीडशे वर्षांचे आणि खालचे कितीतरी जुने असू शकतात. काळ कळतो तो खालच्या थराखाली दबलेल्या गाळावरून, त्यात अडकलेल्या खुंटांवरून, फांद्यांच्या तुकड्यांवरून. लाकडाची रेडिओकार्बन चाचणी करता येते. उत्तर आयर्लंडमध्ये स्ट्रँगफर्ड लॉखच्या ओहोटीच्या पट्ट्यात अशी पाहणी झाली तेव्हा तिथले लाकडी सापळे हजार वर्षांहून जुने निघाले आणि त्याच लॉखमधल्या दगडी भिंतींचा संबंध तिथल्या मध्ययुगीन मठांशी जोडला गेला. गाळात, हवेविना पडलेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं. वरचा दगड हलला, गाळ उघडा पडला, की लाटा ते धुऊन नेतात आणि राहिलेलं लाकूड पोखरणारे जीव खातात. म्हणजे उचललेला दगड परत ठेवला तरी जे गेलं ते गेलं.

शिवाय दगड एकटा नसतो. गेअर लॉखसारख्या निवाऱ्याच्या किनाऱ्यावर दगडांना जे पिवळट-तपकिरी, गाठी-गाठीचं समुद्री शेवाळ लटकलेलं असतं ते फार सावकाश वाढतं आणि वर्षानुवर्षं जगतं. दगड उलटा पडला की ते अंधारात कुजतं आणि उन्हात आलेली खालची बाजू, तिथले खेकडे, शिंपले, कृमी, सगळं वाळतं. भिंतीच्या आत जे थोडं पाणी राहतं त्यावर ऑयस्टरकॅचर आणि कर्ल्यू हे पक्षी चरतात. मासे धरणारी माणसं गेली, पण भिंत या पक्ष्यांसाठी अजून कामावर आहे.

कायदा काय म्हणतो? स्कॉटलंडमध्ये कायद्याने संरक्षित स्मारकं आठ हजारांच्या घरात आहेत आणि सरकारी यादीत नोंदवलेली पुरातत्त्वीय नि ऐतिहासिक स्थळं तीन लाखांहून अधिक. उरलेल्यांचं काय, हे तुम्हीच ओळखा. मासे धरायच्या भिंतींपैकी बहुतेक त्या उरलेल्यांत मोडतात. ओहोटीचा पट्टा बऱ्याच ठिकाणी क्राउन इस्टेट स्कॉटलंड या राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, तर काही ठिकाणी खाजगी मालकांकडे. पहारेकरी कुठेच नाही, पाटी नाही, कुंपण नाही आणि दिवसातून दोनदा सगळं पाण्याखाली. दुसरीकडे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने आपल्याला इथे जवळजवळ कुठेही चालायचा हक्क दिला आहे. इंग्लंडहून येणाऱ्या पाहुण्यांना आपण हे मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या हक्काला जबाबदारीने वागण्याची अट जोडलेली आहे, हे सांगायचं राहून जातं.

आता तुम्हाला भिंत ओळखता यावी म्हणून थोडं. नुसती दगडांची रास भिंत नसते. आधी दूर उभं राहून आकार बघा. अर्धगोल, इंग्रजी जे किंवा व्ही या अक्षरासारखा, आणि पोकळी किनाऱ्याकडे किंवा लॉखच्या आतल्या बाजूकडे. एक टोक किनाऱ्याला टेकलेलं, दुसरं पाण्याकडे गेलेलं. जवळ गेल्यावर पायाशी मोठे दगड, दोन बाजूंना तोंडं जुळवलेली आणि मध्ये बारीक भर, असं काही ठिकाणी अजून कळतं. आतली जमीन बहुधा साफ केलेली असते, कारण तिथलेच दगड उचलून भिंत केली. सगळ्यात खालच्या बिंदूला फट किंवा फटीची जागा. सरळ पाण्यात गेलेली रांग दिसली तर ती जुना धक्का असू शकते, शेताची सीमा असू शकते, होडी ओढायला मोकळी केलेली वाट असू शकते. तेही जुनंच. त्यालाही हात लावायचं कारण नाही.

बघायला जायचं तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस गाठा. मगाशी सांगितलं तसं या भागात तेव्हा ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी असते, म्हणून डिसेंबरात जाऊन उपयोग नाही, अंधारच असतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरचं उधाण सगळ्यात मोठं, उजेडही पुरतो. पाणी तळाला पोचायच्या तासभर आधी काठावर असा. आतलं पाणी कोपऱ्याकडे कसं ओढलं जातं ते तेव्हाच दिसतं आणि भिंत का वाकवली आहे ते माझ्या या सगळ्या वर्णनापेक्षा लवकर कळतं. भिंतीवर चढू मात्र नका. शेवाळ इतकं निसरडं असतं की कंबर मोडेल, आणि दगड ढळतील ते वेगळेच. काही घरं गणपती विसर्जनाला या काठावर येतात. पाण्यापर्यंत जायला ही रांग म्हणजे बांधून ठेवलेली वाटच वाटते. कृपा करून बाजूच्या वाळूतून जा.

मंडळांच्या कार्यकारिणीकडे माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सहलीचा जो मेसेज तुम्ही पाठवता, त्यात डबा, रेनकोट आणि गाडीच्या वेळेच्या खाली दोन ओळी घाला की किनाऱ्यावर दगड रचायचे नाहीत आणि रांगेत असलेला दगड हलवायचा नाही. मुलांना दुसरा खेळ द्या. कोण आधी भिंतीचं खालचं तोंड शोधतं, हा खेळ मी मुलांबरोबर खेळून पाहिला आहे. मनोरे आपोआप विसरले जातात. आणि कुणी आधीच रचलेला मनोरा दिसला तर तो 'दुरुस्त' करायला जाऊ नका. कुठला दगड कुठला होता हे आपल्याला माहीत नसतं.

जे इथे राहतात, त्यांना थोडं जास्त मागते. तुम्हाला अशी भिंत दिसली तर फोटो काढा. एक दुरून सगळा आकार येईल असा, एक जवळून, मापासाठी शेजारी बूट किंवा पाण्याची बाटली ठेवून. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ टिपून ठेवा. मग हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या 'ट्रोव्ह डॉट स्कॉट' या संकेतस्थळावर नकाशात बघा की तिथे आधीची नोंद आहे का. कॅनमोर हे जुनं नोंदींचं संकेतस्थळ आता त्यात गेलं आहे. नोंद नसेल, किंवा असेल पण तुम्हाला दिसलेलं आणि लिहिलेलं यांत फरक असेल, तर त्या भागाच्या पुरातत्त्व नोंदणी सेवेला कळवा. आमच्या आर्गाइल आणि ब्यूट या प्रशासकीय भागासाठी ती वेस्ट ऑफ स्कॉटलंड आर्किऑलॉजी सर्व्हिस आहे. सेंट अँड्रूज विद्यापीठातून चालणारा स्केप ट्रस्ट किनाऱ्यावरच्या, लाटांनी झिजत चाललेल्या स्थळांची नोंद सामान्य लोकांच्या मदतीने करत आला आहे. त्यांच्या कामाकडे लक्ष ठेवा. पुरातत्त्वाची पदवी कुणी विचारत नाही. वेळ, गमबूट आणि बारकाईने बघायची सवय एवढं पुरतं.

या भागातल्या नोंदींपैकी बऱ्याच अशाच हौशी लोकांनी केल्या आहेत. निवृत्त शिक्षक, पोस्टात काम केलेली माणसं, कुत्रा फिरवायला निघालेल्या बायका. त्यांच्यात आपल्यासारखी माणसं मला फारशी दिसत नाहीत आणि त्याचं नवल वाटतं. कारण भरती-ओहोटीचं ज्ञान घरातून घेऊन आलेले आपण इथल्या शहरी माणसापेक्षा दोन पावलं पुढेच आहोत. प्रवाहात बांधून ठेवायच्या डोल जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे का ठेवतात, हे ज्याला वर्सोव्याला किंवा करंज्याला लहानपणी कळलं आहे, त्याला येअरचा कोपरा कुठल्या बाजूला असेल हे शोधायला नकाशा लागत नाही. ग्लासगोत जन्मलेल्या आपल्या मुलांना हे ज्ञान कुठे दाखवायचं असा प्रश्न पडत असेल, तर जागा पाऊण तासावर आहे.

'इथल्या लोकांनाच त्याचं काही पडलेलं नाही, आम्ही कशाला?' असंही मला एका परिचिताने विचारलं. अर्धं खरं आहे. कितीतरी स्थानिकांना आपल्या दारासमोरची भिंत माहीत नसते. पण तैवानच्या पेंगू बेटांवर अशा पाचशेहून अधिक दगडी भिंती आहेत आणि त्यांतल्या काहींची डागडुजी गावकरी आजही करतात. तिथे पर्यटक भिंत बघायला जातो, दगड न्यायला नाही. तिथले लोक जन्मतः शहाणे होते असं नाही. भिंतीत कुणाचा किती वाटा, कुणाच्या पाळीला कोणती ओहोटी, हे घरोघरी ठरलेलं होतं, म्हणून ती टिकली. गेअर लॉखमध्ये तो वाटा सांगणारं कुणी उरलं नाही. अशा वेळी कुणाचं आहे हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. जो ओळखतो त्याने सांगावं.

शेवटी काही व्यवहाराचं. फॅसलेनच्या आसपास ड्रोन उडवू नका. पाणबुड्यांच्या तळावर हवाई निर्बंध आहेत आणि भिंतीचा सुंदर फोटो काढत होतो हे कारण पोलिसांना पुरणार नाही. गाडी रस्त्याकडेच्या घरांच्या फाटकांसमोर लावू नका. काठावर उतरायच्या वाटा अरुंद आहेत आणि त्यांवरून तिथली माणसं होड्या नेतात. चिखल मऊ दिसला तर तिकडे वळू नका. पाणी लॉखच्या माथ्याकडे सपाट जागेवरून आत येतं तेव्हा चालणाऱ्या माणसाला गाठतं, आणि घरी परतायचा रस्ता बघायच्या आधी क्लाइडच्या पलीकडच्या ग्रीनॉक बंदराची ओहोटीची वेळ बघून घ्या. इंटरनेटवर ती सहज मिळते, उन्हाळ्यात एक तास मिळवायचा आहे की नाही एवढं तेवढं तपासा.

सप्टेंबरच्या उधाणाला कुणी ठरवून येणार असेल तर मंडळामार्फत निरोप द्या. माझ्याकडे जादा गमबूट आहेत, लहान मापाचेही.

आपली,
हेलन्सबर्गजवळ राहणारी एक सिंधुदुर्गकरीण